सैन्यात लागलेल्या बीपीला मेडिकल बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ लिहिलं, तर वडिलांना अपंगत्व पेन्शन मिळेल का?

मिळू शकते, त्या एका शेऱ्यावर हार मानू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वैद्यकीय तपासणीत आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं धरायचं. उलट सिद्ध करणं सरकारचं काम. त्या खटल्यातला जवान, धरमवीर सिंग, फिट्सचा रुग्ण होता, अपंगत्व 20 टक्के. म्हणून आधी भरतीच्या वेळचा वैद्यकीय कागद शोधा (पिवळा पडलेला का असेना). मग अपील, आणि तिथे नाकारलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं (सैनिकांच्या तक्रारी ऐकणारं न्यायालय) मुंबई खंडपीठ. मात्र वडील 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झाले असतील, तर नवे नियम लागतील आणि ते जरा कडकच आहेत.