जुना खडक नव्या खडकावर कसा चढतो?

प्रश्न : गाळाच्या खडकांत खालचा थर जुना आणि वरचा नवा, असे आपण शिकतो. मग स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे जुने खडक नव्या खडकांवर कसे आले? एवढे प्रचंड वजन सरकते तरी कसे?

उत्तर : ग्लारुसच्या कड्यांवर सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे खडक ३.५ ते ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांवर टेकलेले असून दोहोंमधली रेष दुरूनही स्पष्ट दिसते. स्विस भूवैज्ञानिक आर्नोल्ड एशर आणि त्यांच्यामागून आल्बर्ट हाइम यांनी येथे एकमेकींकडे कलंडलेल्या दोन अवाढव्य घड्या कल्पिल्या होत्या. १८८४ मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बर्त्राँ यांनी हे सारे एकाच विभंगावरून, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात अशा भेगेवरून, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत आले आहे, असे सुचवले आणि तेच खरे ठरले.

गाळ साचलेल्या खोलगट भागातील, म्हणजे द्रोणीतील, सगळे थर सारखे मजबूत नसतात. भूपट्टांच्या रेट्याने द्रोणी आवळली जाऊ लागली की मीठ किंवा शेल (चिखलापासून बनलेला खडक) यांसारख्या दुबळ्या थरावरून वरचा गठ्ठा सुटून सरकतो. वाटेत तो विभंग चुनखडकासारखा कणखर थर तिरका कापून वरच्या दुसऱ्या दुबळ्या थरात शिरतो, आणि त्या चढावरून जाताना गठ्ठ्याला वाकावेच लागते. म्हणजे अशा आवळलेल्या डोंगरपट्ट्यांतील अनेक घड्या विभंगामुळेच पडलेल्या असतात.

वजनाचे कोडे मात्र बरीच वर्षे सुटत नव्हते, कारण कोरड्या घर्षणाचे गणित मांडले तर खडक सरकण्याआधीच चिरडायला हवा. १९५९ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक हबर्ट आणि रूबी यांनी दाखवले की थरांच्या छिद्रांत कोंडलेल्या पाण्याचा दाब वरचा बराचसा भार पेलतो आणि घर्षण घटते. शिवाय सारा गठ्ठा एकदम हलतच नाही. काचेच्या पेटीत रंगीत वाळूचे थर पसरून एका बाजूची फळी आत ढकलली, तर फळीपाशी वाळूची पाचर उंचावत जाते आणि पुरेसा उतार आल्यावरच तिच्या पुढ्यात नवा काप सुटतो. आवळले जाणारे डोंगरही अशाच पाचरीसारखे वाढतात. तळाशी मीठ असेल तर ही पाचर पसरट राहते; इराणच्या झाग्रोस पर्वतरांगेची रुंदी त्यामुळेच.

डोंगराच्या या पाचरीच्या ओझ्याने पुढचे भूकवच खाली वाकते, तिथे नवी द्रोणी तयार होते, डोंगराची झीज तिच्यात साचते आणि कालांतराने तो गाळही रेट्यात सापडतो. शिवालिक टेकड्या अशाच, हिमालयाच्याच झिजेतून साचून पुढे त्याच्याच रेट्याने वर आलेल्या आहेत.