गाडी गॅसवर, आरसी पेट्रोलवर

प्रश्न : मी कोल्हापूरचा, फर्निचरचा छोटा धंदा आहे. मोठ्या गाडीची हौस होती. सात आठवड्यांपूर्वी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून साडेतीन लिटर पेट्रोल इंजिनाची जर्मन सेडान ६ लाख ७५ हजारांना घेतली. जून २०१२ची गाडी, ठाण्याचे पासिंग. ‘पेट्रोलवर परवडत नाही म्हणून आधीच्या मालकानेच एलपीजी किट बसवलंय, आरसीवर चढवून देतो,’ असे डीलर म्हणाला. व्हॉट्सअ‍ॅपवरही त्याने तसेच लिहिले. ५ लाख बँकेतून दिले, बाकी रोख. गाडी अजून माझ्या नावावर झालेली नाही आणि आरसीवर इंधन नुसते ‘पेट्रोल’ आहे. विम्याच्या एजंटाने किट बघून हात वर केले. इथला गॅरेजवाला म्हणतो, किट काढून टाका, कुणाला कळणार नाही. डिलिव्हरी नोटवर ‘गाडी जशी आहे तशी दिली, नंतर तक्रार चालणार नाही’ असे छापलेले आहे आणि खाली माझी सही आहे. पैसे परत मिळतील का? की किट काढून गप्प बसू? पुढच्या महिन्यात मेव्हण्याच्या लग्नाला हीच गाडी गोव्याला न्यायचे ठरले आहे.

उत्तर : आधी गॅरेजवाल्याचे बघू, कारण त्याचा सल्ला तुम्ही आज-उद्या ऐकाल अशी मला धास्ती वाटते. किट काढू नका. तुमच्या तक्रारीचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आत्ता डिकीत, स्टेपनीच्या खड्ड्यात बसलेला आहे. तो भंगारात गेला की उद्या डीलर म्हणेल, ‘कसलं किट? मी तर पेट्रोलची गाडी विकली.’ आणि आरसी त्याच्याच बाजूने बोलेल.

त्यापेक्षा गाडी उजेडात उभी करा. गॅसच्या टाकीवरची पाटी, तिचा नंबर, चाचणीची तारीख, बॉनेटखालचा रेग्युलेटर, त्यावरचे कंपनीचे नाव, डॅशबोर्डवरचा गॅस-पेट्रोलचा खटका, चासी नंबर आणि किलोमीटर, या सगळ्याचे फोटो काढा. पाटी खरवडलेली किंवा नसलेलीच असेल तर त्याचाही फोटो घ्या, तो जास्तच मोलाचा. मग गॅसवर चालवणे बंद. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, तळाशी साचतो. त्यामुळे गाडी तळघरात लावत असाल तर आजच बाहेर काढा.

आता कायदा. एलपीजी किट बसवणे हा मुळात गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. त्याच कलमात दुसऱ्या इंधनासाठी मंजूर किट बसवायला वाट ठेवली आहे. अट एवढीच की किट मान्यताप्राप्त हवे, ते अधिकृत फिटरने बसवलेले हवे आणि तो बदल आरटीओत नोंदलेला हवा. परवानगीविना बदल झाला असेल तर मालकाने चौदा दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. अनधिकृत बदलाची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये आली. त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. या कलमाखाली कुणी तुरुंगात जाताना मी पाहिलेले नाही. पण मोठ्या अपघातानंतर वकील नेमके असेच कलम शोधून काढतात.

‘आरसीवर चढवून देतो’ हे वाक्य ऐकायला सोपे आहे. किटला मान्यता एआरएआयसारखी चाचणी संस्था देते. ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. ती मान्यता सरसकट नसते, इंजिनाच्या क्षमतेच्या ठरावीक पट्ट्यापुरती असते. हजार-बाराशे सीसीच्या टॅक्सीसाठी मंजूर झालेले किट तुमच्या साडेतीन लिटरच्या इंजिनाला बसवले तर ते चालेलही, पण त्या गाडीपुरते ते मान्यताप्राप्त नाही. तेव्हा डीलरकडे लेखी तीन गोष्टी मागा : किटच्या मान्यतेची प्रत, बसवणाऱ्याचा दाखला आणि टाकीच्या चाचणीचा दाखला. यातली एक जरी आली नाही तर आरसीवर गॅस चढणार नाही. मग एजंटाने कितीही ‘सेटिंग’ सांगू दे. माझा अंदाज विचाराल तर कागद येणार नाहीत. असते तर ते गाडी विकताना त्याने तुमच्यापुढे नाचवले असते.

तुमच्या पत्रात किटवर दहा ओळी आहेत आणि ‘गाडी नावावर नाही’ यावर एक. मला मात्र झोप उडवणारी तीच एक ओळ वाटते.

विक्री झाल्यावर देणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे, असे कलम ५० सांगते. तुमचे तीस दिवस उलटून गेले. दरम्यान आरसीवर ठाण्याच्या ज्या गृहस्थाचे नाव आहे, कायद्याच्या नजरेत मालक तोच. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. गाडी चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर राहते. गाडी गेली म्हणून तो माणूस निवांत झोपलेला असेल. त्याला जागे करा. रजिस्टर पत्र पाठवा : तुमची गाडी अमुक तारखेपासून माझ्याकडे आहे, नाव अजून तुमचेच आहे, आणि गाडीत नोंद नसलेले गॅस किट आहे. डीलरला पाठवलेल्या तीन नोटिशींनी होणार नाही ते काम या एका पत्राने होते, असा माझा अनुभव आहे. त्यातच विचारा, गाडी डीलरला दिली तेव्हा किट होते का? ‘नव्हते’ असे लेखी उत्तर आले तर ‘आधीच्या मालकानेच बसवलंय’ हे डीलरचे वाक्य उघड खोटे ठरते आणि तुमची केस निम्मी उभी राहते.

विम्याचा एजंट चुकला नाही. चालू पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरता विमा कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे आपोआप गेल्याचे धरले जाते, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. वर किट जाहीर केलेले नाही, त्याचा वेगळा हप्ता भरलेला नाही. उद्या गाडी जळाली तर कंपनीकडे नकाराची दोन कारणे तयार आहेत.

आता तुमची सही. ‘जशी आहे तशी’ या छापील ओळीला लोक उगाच भितात. जुनी गाडी घेताना खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत हे खरे. घासलेले टायर, खडखडणारे सस्पेन्शन, थंड न करणारा एसी यांवर ती ओळ डीलरला वाचवेल. पण खोटे सांगून किंवा सांगायलाच हवे ते दडवून केलेली विक्री त्या ओळीने पवित्र होत नाही. करार कायद्याच्या १७ ते १९ या कलमांनुसार फसवणुकीने किंवा चुकीच्या माहितीने मिळवलेला करार तुम्ही रद्द करू शकता. डीलर म्हणेल, आरसी बघितली असती तर पेट्रोल दिसलेच असते. म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘चढवून देतो’ हे शब्द महत्त्वाचे. नोंद नाही हे त्याला माहीत होते आणि ती करून देण्याचे त्याने वचन दिले, हे दोन्ही त्यातून दिसते. तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. कोर्टात अशा नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते. ते तुमचे वकील करून देतील.

घाई कशासाठी, तर यासाठी. मालविक्री कायद्यानुसार माल ताब्यात घेऊन वाजवी मुदतीत ‘नको’ असे कळवले नाही तर तो स्वीकारला असे धरले जाते. मग गाडी परत करण्याचा हक्क सुटतो आणि हातात उरते फक्त नुकसानभरपाई. सात आठवडे अजून सांभाळून घेता येतील, कारण डीलर रोज ‘होतंय, होतंय’ म्हणत होता. सात महिने झाले की तेही म्हणता येणार नाही. त्यामुळे याच आठवड्यात नोटीस. तिच्यात मागणी एकच आणि स्पष्ट असावी : पंधरा दिवसांत तिन्ही कागदांसह नाव आणि इंधन, दोन्हींची नोंद करून द्या, नाहीतर मी व्यवहार रद्द केला असे समजून गाडी घेऊन जा आणि पैसे परत करा. शिव्या, धमक्या, ‘तुमचे दुकान बंद करतो’ असले काही नको. नोटीस गेल्यावर गाडीत नवे सीट कव्हरसुद्धा घालू नका. मालकासारखे वागलात की स्वीकारल्याचा पुरावा तुम्हीच तयार करता.

डीलरचे ठरलेले उत्तर मी आत्ताच सांगून ठेवतो : ‘मी फक्त मध्यस्थ, विकणारा आधीचा मालक.’ १ एप्रिल २०२३ पासून या पळवाटेला खीळ बसली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५ए ते ५५एच हे नियम आले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी भरून तसे कळवायचे. तिथून गाडीची जबाबदारी डीलरची. या डीलरकडे अधिकारपत्र आहे का आणि तुमच्या गाडीचा २९सी भरला होता का, हे आरटीओकडे लेखी अर्ज करून विचारा. दोन्ही नसेल तर ते तक्रारीत ठळक लिहा. आणि ५ लाख कुणाच्या खात्यात गेले ते बघा. डीलरच्या गेले असतील तर मध्यस्थाची गोष्ट तिथेच संपते.

रोख १ लाख ७५ हजारांची पावती आहे का, ते तुम्ही लिहिलेले नाही. रोखीचा आकडा दोन लाखांच्या खाली का राहिला असेल असे वाटते? दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला प्राप्तिकर कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि डीलर मंडळींना हे कलम पाठ असते. पावती नसेल तर डिलिव्हरी नोटवरची एकूण किंमत, त्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम आणि चॅटमधला उल्लेख यांवर भागवावे लागेल.

नोटिशीने काम झाले नाही तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. पुण्याला खेपा घालायची गरज नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते. जुनी गाडी असली तरी ती व्यापाऱ्याकडून घेतलेली आहे, त्यामुळे तुम्ही ग्राहक आहात. फक्त गाडी दुकानाच्या कामासाठी घेतली असे कुठे लिहू नका, कारण मुळात ती हौसेची आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची, मुदत दोन वर्षांची, आणि तुमच्या किमतीच्या व्यवहाराला फी २०० रुपये. मान्यतेचा वाद उभा राहिला तर आयोग गाडी तपासणीला पाठवू शकतो. किट जागेवर ठेवा म्हणतो ते यासाठीही. (हीच गाडी तुम्ही थेट ठाण्याच्या मालकाकडून घेतली असती तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी दावा आणि त्याची वर्षे.)

पोलिसांत जावे का? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीचे आहे, पण आज गेलात तर पोलीस ठाण्यात ‘दिवाणी मामला’ एवढेच ऐकाल. चासी नंबर आरसीशी जुळत नसेल, गाडीवर बँकेचा बोजा निघाला किंवा नाव बदलाच्या फॉर्मवरच्या जुन्या मालकाच्या सह्या खोट्या निघाल्या तर मात्र एक दिवस थांबू नका.

डीलर तडजोडीला येईल तेव्हा म्हणेल, ‘किट काढून देतो, पन्नास हजार परत घ्या, गाडी ठेवा.’ हा देकार वाईटच असतो असे नाही. पण विचार करताना जून २०२७ डोळ्यांसमोर ठेवा. पंधरा वर्षे पूर्ण होतील, गाडी फेरनोंदणीसाठी आरटीओपुढे उभी राहील. फी साध्या मोटारीला ५,००० रुपये, पण गाडी आयात केलेली म्हणून नोंदलेली असेल तर ४०,०००. आरसी काढून आजच बघा. आणि गॅसशिवाय साडेतीन लिटरचे इंजिन पोसणे तुम्हाला जमणार आहे का, याचे उत्तर माझ्याकडे नाही, तुमच्या पेट्रोलच्या बिलात आहे.

गाडी परत द्यायचे ठरले तर पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली सोडू नका. ताबा देताना तारीख, वेळ, किलोमीटर आणि किट जागेवर असल्याचा उल्लेख असलेली पोच घ्या, आणि सही केलेले नाव बदलाचे फॉर्म २९, ३० परत मागा.

गोव्याला दुसऱ्या गाडीने जा. विमा धड नाही, नाव तुमचे नाही, वाटेत घाट आहे. आणि पंप सापडला नाही तर घरगुती सिलिंडरमधून गॅस भरून देणारा कुणीतरी भेटेलच. तो जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा गुन्हा आहे. शिवाय गॅसला फुगायला जागा हवी म्हणून टाकी ८० टक्क्यांवर थांबवायची असते. मोटर लावून घाईघाईने भरणाऱ्याला ते ८० टक्के कुठे असतात हे ठाऊक नसते.