लिव्हरचा कडकपणा मोजताना

जतहून पहाटेच्या एसटीनं आलेला पेशंट सांगली स्टँडवर चहा-भजी खाऊनच येतो. आधी तेच विचार. निदान ४ तास पोट रिकामं हवं. जेवणानंतर लिव्हरकडं रक्त वाढतं आणि कडकपणाचा आकडा खोटाच चढतो. पण त्याला परत पाठवू नकोस, एवढ्या लांबून आलाय. बसवून ठेव, दुपारी घे.

उजवा हात डोक्यावर, सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांच्या फटीत, पडद्यावरचा मोजायचा बॉक्स कॅप्सूलच्या, म्हणजे लिव्हरवरच्या पातळ आवरणाच्या, दीड-दोन सेंटिमीटर खाली. मोठा श्वास घ्यायला लावू नकोस, साधाच क्षणभर रोखायला सांग. ५ मोजमापांचा मध्यक धर. आयक्यूआर, म्हणजे मधल्या निम्म्या मोजमापांचा पसारा, त्या मध्यकाच्या ३० टक्क्यांवर गेला तर मी पुन्हा मोजतो. कावीळ, लिव्हरला ताजी सूज असेल तर लगेच फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रणासारखे तंतू साचणं) लिहू नकोस. आणि रिपोर्टात मशीनचं नाव टाकच. दोन मशीनचे किलोपास्कल, म्हणजे कडकपणाचे आकडे, जुळत नाहीत.