परड्यातले होले, आबांची बेचकी आणि तुझी कढई

पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावातली सून लिहितेय. सासरे, म्हणजे घरातले आबा, वय ६८. सासूबाई गेल्यापासून दुपारचे परड्यात खाट टाकून बसतात आणि बेचकीनं होले, म्हणजे कबुतरासारखे ते लहान रानपक्षी, पाडतात, आता नऊ वर्षांच्या नातवालाही नेम शिकवलाय. पिसं काढायची, जाळावर भाजायचं, कांदालसूण चटणी घालून परतायचं, हे सगळं हिच्याकडं. गेल्या रविवारी दुपारी लिंबोणीवरच्या घरट्यात बसलेलाच होला पाडला. संध्याकाळी हिनं खिडकीतनं बघितलं तर दुसरा येऊन त्याच अंड्यांवर बसलेला. मिस्टरांनी तर ताटातल्या होल्याचा फोटो स्टेटसला टाकला, वर म्हणतात आबांना कशाला दुखवायचं. आणि शेवटी तिचा प्रश्न: "मावशी, मी चिकन-मटण सगळं खाते, मग होल्यासाठी रडते म्हणजे मी दुटप्पी का?"

अगं पोरी, आधी माझंच सांगते, मी पण खाल्लेत. तासगावकडं लहानपण गेलं, भावाकडं बाभळीचं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांची फांदी, आणि सायकलच्या ट्यूबचं रबर असली बेचकी होती, जोंधळा काढला की रानात होल्यांचे थवेच्या थवे उतरायचे आणि आम्ही पोरं मागं. मटण काळपट, जरा चिवट, आणि असतं किती गं? अख्खा पक्षी पिसांसकट दीडशे ग्रॅमच्या आसपास, चार पाडले तरी एका माणसाचं धड कालवण होत नाही, सगळी मजा नेम धरण्यात आणि शेखी मिरवण्यात. त्यामुळं मी काही सोवळ्यातनं बोलत नाहीये.

तू दुटप्पी नाहीस. कोंबडी आपण पाळतो, तिला दाणापाणी देतो, ती कापायची हे तिला खुराड्यात घालतानाच ठरलेलं असतं. पण तूच पत्रात एक ओळ सहज टाकून गेलीयस, की सकाळी सुपात धान्य पाखडताना राहिलेली कणी तू परड्यात टाकतेस म्हणून होले येतात. ती ओळ वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे बघ, तू दाणे टाकून बोलवतेस, त्यांची भीड चेपते, आणि दुपारी त्याच जागेवर आबा नेम धरतात. तुझं रडू तिथनं येतंय असं मला वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

त्या रविवारचं पण सांगते. होल्यांत नर-मादी दोघंही अंडी उबवतात, दिवसा बहुतेक नर बसतो आणि रात्री मादी. दुपारी पडला तो बहुधा नर असणार, संध्याकाळी आली ती तिची पाळी धरून आली. अंडी दोनच असतात, साधारण दोन आठवडे उबवावी लागतात, एकटीला खायला उठावं तर लागतंच, मग अंडी गार पडतात. पिल्लं निघाली तरी सुरवातीला दाणे चालत नाहीत, आईबाप दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दुधासारखं काहीतरी तयार होतं, ते भरवतात. बापाला पण दूध येतं हे मला कळलं तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले होते.

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, तेव्हा तुझे आबा पंधरा-सोळा वर्षांचे असतील, म्हणजे बेचकी त्यांच्या हातात कायद्याच्या आधीपासून आहे, त्यांना यात गुन्हा दिसत नाही याचं मला नवल नाही. पण होला मारणं शिकारच आहे, घरटं मोडणं आणि अंडी काढणं पण शिकारीतच धरतात, परडं आपलं असलं म्हणून सुटका नाही. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि मिस्टरांनी स्टेटसला टाकलेला तो ताटातला फोटो आज, आत्ता काढायला सांग, आपणच आपल्या हातानं फॉरेस्टवाल्यांना पुरावा द्यायचा म्हणजे कमालच झाली.

पण आबांशी बोलताना कायद्यानं सुरवात करू नकोस. बायको गेलेला माणूस, दुपार जाता जात नाही, नातू शेजारी येऊन बसतो तो या बेचकीपायी, ती काढून घेतली तर हातात राहतं काय? म्हणून नातवासमोर तर अजिबात बोलू नकोस. सकाळचा चहा देताना एकटे असताना सांग, "आबा, माझ्याच्यानं आता हे साफ होत नाही, घरट्यावरचा पाडलात तेव्हापासून कसंनुसं होतंय, इथनं पुढं मी शिजवणार नाही." एवढंच. खरं तर हे रविवारीच म्हणायला हवं होतंस, पिसं काढून ताट वाढल्यावर खिडकीत रडून त्यांना कसं कळणार? आणि पोराचं काय करायचं ते त्यांच्यावरच सोपव, नेम धरणं काही पाप नाही, परड्याच्या मागच्या भिंतीशी बांबूला पत्र्याचा डबा टांगा, टण्ण आवाज झाला की पोरगं खूश, आबा पण खूश. रविवारी गावठी कोंबडा आण आणि मीठ-चटणी त्यांनाच बघायला सांग, सासूबाई असताना रस्सा कसा व्हायचा ते विचार, बोलतील बघ.

एक जास्तीचं. हे पक्षी रानातनं पेरणीचं बी पण उचलतात, त्या बियाण्याला लाल-गुलाबी विषारी औषध चोळलेलं असतं, कुठला होला काय खाऊन आलाय हे तुला कढईत दिसणार नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या ताटात ते नको. आबांना बाकी काही नाही पटलं तर हे पटेल, नातवावर जीव आहे त्यांचा.

लिंबोणीखाली मांजराला फिरकू देऊ नकोस. पिल्लू पडलेलं दिसलं तर उचलून परत घरट्यात ठेव, माणसाचा हात लागला की आई टाकून देते असं म्हणतात ते खोटं आहे. जखमी पक्षी सापडला तर वनविभागाचा १९२६ नंबर लाव. आणि बेचकी खुंटीला लागेपर्यंत कणी परड्यात टाकू नकोस, कोंबड्यांना घाल.