गोष्टीतल्या हॅकरच्या लॅपटॉपवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम दाखवू?

प्रश्न : मी एका शॉर्ट फिल्मची स्क्रिप्ट लिहितोय, हीरोईन हॅकर आहे. तिच्या स्क्रीनवर काय दाखवलं तर जाणकार लोक हसणार नाहीत? काली लिनक्स दाखवलं की झालं का?

उत्तर : काली चालेल, डेबियन नावाच्या लिनक्स सिस्टिमवर बनलेलं आहे, २०१३ मध्ये आलं, त्याआधी त्याच्या जागी बॅकट्रॅक होतं, आणि सिक्युरिटी टेस्टिंगची शेकडो टूल्स त्यात आयतीच मिळतात. पण मला विचाराल तर आधी हे ठरवा की ती नेमकं काय करतेय. लपून राहायचं असेल तर टेल्स ही सिस्टिम जास्त पटते, कारण ती पेनड्राइव्हवरून चालते, सगळं इंटरनेट ओळख लपवणाऱ्या टॉर नेटवर्कमधून जातं आणि मशीन बंद केलं की मागे काही उरत नाही, म्हणजे दारावर थाप पडली आणि तिने पेनड्राइव्ह उपसला, असा सीन तुम्हाला फुकटात मिळतो! आणि मुरलेली हॅकर असेल तर साधं डेबियन किंवा आर्च लिनक्ससुद्धा चालेल, लागतील ती टूल्स ती स्वतः टाकून घेते.

खरं सांगू का, सिस्टिमच्या नावापेक्षा कमांड खरी असणं फार महत्त्वाचं. २००३ च्या 'द मेट्रिक्स रीलोडेड'मध्ये ट्रिनिटी एनमॅप चालवते, ते नेटवर्क तपासायचं खरंखुरं टूल आहे, आणि नंतर ती एसएसएचमधला (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन करायची सोय) २००१ सालचा खरा बग वापरते. तो सीन काही सेकंदांचाच आहे पण जाणकार अजून त्याचं कौतुक करतात. तेवढी मेहनत घ्याच, आणि हिरवी अक्षरं धो धो पाडू नका प्लीज.