एकदा निखळलेला खांदा आणि गोलकीपिंग

दुखायचं थांबलं म्हणून रविवारच्या मॅचला उभा राहणार म्हणतोस, तर जरा थांब. दुखणं जाणं वेगळं, खांदा पक्का होणं वेगळं.

खांद्याची खोबण फार उथळ, बशीत लिंबू ठेवावं तशी. तिला आधार देते ती लॅब्रम नावाची कूर्चेची कड. डाइव्ह मारताना हात वर आणि मागे ओढला गेला की हाड पुढे निसटतं आणि बऱ्याचदा ही कड फाटते (बँकार्ट इजा). हाडाच्या गोल डोक्यालाही मागून खोच पडते. बसवल्यावर हे आपोआप पूर्ववत होतंच असं नाही. म्हणून तुझ्यासारख्या विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याचा धोका मोठा. आणि दर वेळी कूर्चा, हाड थोडं थोडं झिजतं. पुढे चाळिशीत संधिवात मागे लागू शकतो. खोबणीचं हाड फार झिजलं तर नुसती कड शिवून भागत नाही, शेजारचा हाडाचा तुकडा तिथे स्क्रूने बसवावा लागतो (लाटारजे शस्त्रक्रिया).

तेव्हा आधी एमआरआय काढ, खेळाडू बघणाऱ्या ऑर्थोपेडिककडे जा. रबर बँडचे रोटेटर कफचे (खांद्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे) व्यायाम कंटाळवाणे आहेत, तरी कर. पाठीच्या फऱ्याचेही. बेंच प्रेसची हौस नंतर.

मैदानात पुन्हा निखळलाच तर पोरांना ओढू देऊ नकोस, कितीही अनुभवी असोत. हात झोळीत घालून थेट एक्स-रे. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा वाटला, तर डॉक्टरांना ते सगळ्यात आधी सांग.