प्राध्यापक ‘तरी’ होता येईल का?

प्रश्न: आम्ही सोलापूरचे. मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या बीए-एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्यात काम करायचं आहे आणि पुढे हाच विषय शिकवायचा आहे. पदवी झाली की लगेच इंग्लंडला एलएलएमला जायचं, त्यासाठी तीस लाखांचं कर्ज काढायचं, असं तिचं चाललं आहे. तिचे बाबा म्हणतात, न्यायाधीशाची परीक्षा दे. संयुक्त राष्ट्रांत खरंच नोकरी मिळते का? नाहीच मिळाली तर प्राध्यापक तरी होता येईल ना? – एक आई

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातला ‘तरी’ आधी बाजूला काढू या. लॉ कॉलेजातली प्राध्यापकी ही हातची राखून ठेवायची गोष्ट राहिलेली नाही. तिची परीक्षा वेगळी, रांग वेगळी, आणि लेक इंग्लंडहून शिकून आली म्हणून त्या रांगेत कुणी पुढे घेत नाही. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट तिच्या बाबांसाठी. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पदवी हातात पडली की थेट जेएमएफसीची (कनिष्ठ न्यायाधीशपदाची) परीक्षा, हा रस्ता त्यामुळे बंद झाला. ही तीन वर्षं वकील म्हणून झालेल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्यात धरतात. म्हणजे तुमच्या घरात जो वाद चालू आहे, त्यातली पहिली तीन वर्षं दोन्ही बाजूंची सारखीच आहेत: कोर्टात उभं राहायचं. मुलीच्या बेतात नेमकी हीच वर्षं गाळलेली आहेत. माझा आक्षेप तिच्या स्वप्नाला नाही, या गाळलेल्या वर्षांना आहे.

आता संयुक्त राष्ट्रांचं. तिथल्या जागा पायऱ्यांनी असतात. पी-२ साठी साधारणपणे पदव्युत्तर पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो, पी-३ साठी पाच वर्षांचा. सचिवालयातल्या पी-२ च्या कायम जागा मुख्यतः ‘यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम’च्या परीक्षेतून भरतात. त्याला वयाची मर्यादा ३२ आहे, आणि त्या वर्षीच्या यादीत आपला देश असावा लागतो. जेपीओ (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर) म्हणून ज्या जागा निघतात त्यांचा पगार देणगीदार देश भरतात आणि ते बहुधा आपल्याच नागरिकांना घेतात. एलएलबी, लगोलग एलएलएम आणि अनुभव शून्य, अशा अर्जाला ती परीक्षा सोडली तर यातली एकही पायरी चढता येत नाही. त्यातच २०२५ पासून अमेरिकेनं परदेशी मदत मोठ्या प्रमाणावर कापली आणि संयुक्त राष्ट्रांनीही खर्च आवळायला घेतला. त्यामुळे दहा-दहा वर्षांच्या अनुभवाची माणसं आज त्याच जागांसाठी अर्ज करत आहेत.

इंटर्नशिप जरूर करावी, पण तिचा हिशेब आधी मांडावा. जिनिव्हातल्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते. विमान, व्हिसा, खोली, जेवण सगळं आपल्या खिशातून, आणि जिनिव्हा हे महागड्यातलं महाग शहर. अर्जदार पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाला असावा लागतो. पदवी झाली असेल तर ती मिळून वर्ष उलटलेलं चालत नाही. तुमच्या मुलीनं चौथ्या वर्षात अर्ज टाकला तर तो चाळणीतच गळेल. पाचव्या वर्षाची वाट बघावी. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) इंटर्नना भत्ता देतात, तिथं आधी प्रयत्न करावा. दिल्लीतल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची इंटर्नशिप मिळायला त्या मानानं सोपी आहे. आयोगाचं कामकाज कळतं आणि प्रमाणपत्र मिळतं, पण त्याहून जास्त वजन तिला देऊ नये.

भारतात राहून या विषयाचं काम कुठं मिळतं? दिल्लीत निर्वासितांचं काम आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे म्यानमार, अफगाणिस्तानसारख्या देशांतून आलेल्यांचे अर्ज यूएनएचसीआर तपासतं आणि त्यांच्या कायदेशीर मदतीसाठी भागीदार संस्थांना तरुण वकील लागतात. मुंबई आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांत जनहित याचिका चालवणाऱ्या वकिलांची चेंबर्स आहेत. स्वयंसेवी संस्थाही आहेत. मात्र परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसरीला द्यायला बंदी आली. संस्थेत नोकरी मागताना पैसा कुठून येतो आणि कंत्राट किती महिन्यांचं आहे, हे विचारायला लाजू नये.

आणि सोलापूरचं काय? मला विचाराल तर सुरुवात तिथूनच सर्वांत चांगली होईल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे ‘लीगल एड डिफेन्स कौन्सेल’ ही गरीब आरोपींना मोफत वकील देणारी व्यवस्था आहे आणि तिच्यात ‘असिस्टंट’ या पदावर नव्या वकिलांना घेतात. तिथं कच्च्या कैद्यांची कामं येतात. या कामाचा जिनिव्हाशी काय संबंध, ते बघा.

भारत १९७९ साली नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य झाला. त्याचं नववं कलम म्हणतं, खटल्याची वाट पाहणाऱ्याला कोठडीत ठेवणं हा सर्वसाधारण नियम असता कामा नये. आपल्याकडं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात तरतूद आहे: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला की त्याला सोडावं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. आता हातातल्या चाळीस खटल्यांचा तक्ता करायचा. रकाने असे: अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, जामीन मंजूर झाल्याची तारीख, जामीनदाराची रक्कम आणि प्रत्यक्ष सुटल्याची तारीख. नावं गाळायची. शेवटच्या दोन तारखांमधलं अंतर बघायचं. जामीन मंजूर होऊनही ऐपतदार जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच राहतो, हे त्या अंतरात दिसतं. असा तक्ता हाताशी असलेल्या उमेदवारानं कलम नऊवर दोन पानं लिहिली तर निवड समिती ती वाचते. नुसतं कलम नऊ तोंडपाठ असलेले शेकडो असतात.

याच कलमाची आणखी एक गंमत तिला शोधू द्या. बेकायदा अटकेला भरपाई मिळावी, या पोटकलमाबद्दल करारात सामील होताना भारतानं आपली हरकत नोंदवून ठेवली होती. कोठडीतल्या छळाविषयीच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की त्या हरकतीला आता अर्थ उरलेला नाही, कारण मूलभूत हक्क मोडल्याबद्दल आपली न्यायालयं भरपाई देतच आहेत. १९९७ च्या विशाखा निकालात, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर देशात कायदाच नसताना, न्यायालयानं स्त्रियांविषयीच्या ‘सीडॉ’ कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. कायदा यायला पुढं २०१३ उजाडलं. त्या पीठावर मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश सुजाता मनोहर होत्या. आंतरराष्ट्रीय करार देशातल्या कोर्टात कोणत्या दारानं आत येतो, हे दाखवता येणं म्हणजेच हा विषय येणं. शिकवतानाही तेच लागतं.

लिहिण्याच्या सरावासाठी एक पक्कं माप देतो. जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाचा आढावा होतो. भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. त्या वेळी कोणतीही संस्था आपलं निवेदन पाठवू शकते आणि एकट्या संस्थेला शब्दमर्यादा असते २,८१५. मुलीला सांगा, एकच विषय घे आणि २,८१५ शब्दांत निवेदन लिही: मागच्या आढाव्यात कोणती शिफारस झाली, सरकारनं काय उत्तर दिलं, त्यानंतर प्रत्यक्षात काय घडलं, आता नेमकी मागणी काय. चुका ठरलेल्या असतात. अर्धी जागा प्रस्तावनेत जाते, आकड्याला उगम नसतो, आणि मागणी ‘सरकारनं योग्य पावलं उचलावीत’ इतकी पोकळ असते की ती पाळली की मोडली, हे कुणालाच सांगता येणार नाही. तिनं नीट लिहिलं तर एलएलएमच्या अर्जाला जोडायला हाच नमुना चालेल. अर्जातल्या उद्देशपत्राची सुरुवात मात्र ‘लहानपणापासून मला अन्यायाची चीड’ अशी नको. ते वाक्य वाचणाऱ्यानं त्या दिवशी आधीच वीसदा वाचलेलं असतं.

एलएलएम बाहेर करायचं तर दोन-तीन वर्षांच्या वकिलीनंतर करावं. या विषयासाठी इंग्लंडमधलं एसेक्स, आयर्लंडमधलं गॉलवे, स्वीडनमधलं लुंड, नेदरलँड्समधलं लायडन आणि जिनिव्हा अकॅडमी ही जुनी जाणती ठिकाणं आहेत. ऑक्सफर्डचा मानवी हक्क कायद्याचा एमएसटी हा पदव्युत्तर अभ्यासक्रम अर्धवेळ आहे: दोन उन्हाळे तिथं राहायचं, बाकीचा अभ्यास घरून. वकिली न सोडता तो करता येतो, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही.

वाट बघण्याचं कारण पैशाचंही आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो. तो नसेल तर अर्जच करता येत नाही. फेलिक्स आणि इनलॅक्स या शिष्यवृत्त्याही बघाव्यात. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिचे उत्पन्नाचे आणि क्रमवारीचे निकष त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचावेत. जे. एन. टाटा एन्डाउमेंट आणि के. सी. महिंद्रा ट्रस्ट कर्जरूपानं मदत करतात. आता तुमच्या तीस लाखांकडं बघू. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता ४०,५०० च्या आसपास येतो. शिक्षण चालू असतानाचं व्याज वेगळं. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, आणि ती कायम जागा कधी मिळेल हे सांगता येत नाही. हे गणित मुलीसमोर कागदावर मांडा, रागावून नको.

आता प्राध्यापकी. लॉ कॉलेजात शिकवायला एलएलएम किमान ५५ टक्क्यांनी हवं (राखीव प्रवर्गांना ५० टक्के) आणि नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा हवी. नेटचे दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इथं हमखास एक घोळ होतो. नेटमध्ये ‘लॉ’ हा विषय आहे आणि ‘ह्यूमन राइट्स अँड ड्यूटीज’ हा वेगळा विषयही आहे. नाव बघून मुलं दुसरा निवडतात, पास होतात, आणि मग कळतं की लॉ कॉलेजच्या जाहिराती लॉ विषयाच्या निघतात. तिनं ‘लॉ’च निवडावा. त्याच्या दहा घटकांत आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक आणि पर्यावरण व मानवी हक्कांचा एक, एवढेच तिच्या आवडीचे. उरलेल्या आठांत फौजदारी, करार, कौटुंबिक कायदा, बौद्धिक संपदा हे सगळं आलं. म्हणून एलएलबीच्या वह्या रद्दीत घालू नका.

परदेशातलं एक वर्षाचं एलएलएम भारतात शिकवायला चालतं का, हा प्रश्न वादात सापडलेला आहे. बार कौन्सिलनं जानेवारी २०२१ मध्ये त्याविरुद्ध नियम काढले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी त्या पदवीला समकक्षता मिळते का, याचं लेखी उत्तर घ्यावं. शिकवणंच नक्की असेल तर सोपा मार्ग म्हणजे एलएलएम इथंच करायचं (क्लॅट पीजी या राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतून एक वर्षाचं, किंवा राज्याच्या एलएलएम सीईटीमधून दोन वर्षांचं) आणि परदेशवारी पीएचडीसाठी राखायची. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएचडी असेल तर सहायक प्राध्यापक व्हायला नेटची अट नाही, आणि बऱ्याच चांगल्या ठिकाणी पीएचडीला विद्यावेतनही मिळतं.

सीएचबीबद्दल, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिकवण्याबद्दल, तुम्ही ऐकलंच असेल: तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य. त्याच्यावर घर चालत नाही. पण वकिली करता करता शिकवण्याची सवय लावायला ते बरं आहे. सनद असलेल्या वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची परवानगी १९७९ च्या नियमांनी दिलेली आहे. पूर्णवेळ नोकरी लागली की सनद स्थगित करावी लागते. ती तशीच चालू ठेवून कोर्टात उभं राहिलं तर बार कौन्सिलची कारवाई ओढवते.

फ्रेंच आजपासून सुरू करा. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत. पुण्यात आलियाँस फ्रान्सेज आहे; बी-२ पातळीपर्यंत (म्हणजे बऱ्यापैकी सफाईनं बोलता-लिहिता येईपर्यंत) जायला नोकरी-अभ्यास सांभाळून तीनेक वर्षं लागतात, म्हणजे वकिलीची वर्षं आणि ही वर्षं जोडीनं संपतील. या सत्रात तिनं हेन्री ड्युनांट किंवा जेसप यांपैकी एका मूट कोर्टच्या (विद्यार्थ्यांच्या अभिरूप खटल्यांच्या स्पर्धेच्या) संघात शिरावं, पासपोर्ट काढून ठेवावा आणि सुट्टीत सोलापूरला आली की जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन महिनाभर बसायला मिळेल का, हे विचारावं. अर्ज साध्या कागदावर, कॉलेजच्या पत्रासह. बँकेचा फॉर्म तूर्त भरू नका.